डॉक्टरीणबाईंचा लांबचा हात

ओळखलंत का मला? दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं की गुरगुरत फुगतो आणि रक्तदाब सांगतो, तोच मी बोलतोय.

कारखान्यातून निघालो तो थेट प्रसूतिगृहाच्या कपाटात. तिथे मला कुणी विचारत नव्हतं. मग साथ आली. गर्भार बायका दवाखान्याची पायरी चढायला धजेनात. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्या यंत्रांना घरोघर धाडलं. "दाब तुम्ही मोजा, मी फोनवर बघते," म्हणाल्या.

माझ्या वाट्याला एका शिवणकाम करणाऱ्या सुनेचं घर आलं. आठवा महिना, नवरा परगावी अडकलेला, सोबतीला फक्त सासूबाई. मला पाहून त्यांनी नाक मुरडलं. "फोनवर कसली तपासणी? उद्या बाळंतपणही फोनवरच उरका म्हणावं!"

तरी रोज न चुकता पट्टा बांधायच्या त्याच.

एके सकाळी सून कपाळ दाबतच शिलाई मशीनवरून उठली. सासूबाईंनी पट्टा बांधला आणि आकडा पाहून माझ्यावरच उखडल्या. "बिघडलंय मेलं!"

फोनच्या पडद्यावर डॉक्टरीणबाई शांत होत्या. "तिला थोडा वेळ टेकून बसवा. मग पुन्हा मोजा."

मी पुन्हा फुगलो. सासूबाईंचा जीव टांगणीला लागलेला. चार अंक कमी दाखवावेत, असं क्षणभर मलाही वाटलं. पण दाब तेवढाच होता. तेवढाच दाखवला.

"नजर कशी आहे गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून घुटमळली. "उठल्यापासून सुईत दोरा जाईना. एकाच्या दोन सुया दिसतात. म्हटलं, आईंच्या जिवाला कशाला घोर?"

"अगं, मग मी इथे आहे कशाला!" सासूबाई कळवळल्या.

"गाडी पाठवते. लगेच निघा."

"पण तिथे तर साथीचे पेशंट आहेत," सून म्हणाली.

"तिथे मीही आहे."

सासूबाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही.

त्याच दिवशी मुलगी झाली. वजनाला चिमूटभर, आवाजाला खणखणीत. आई सुखरूप. सासूबाईंना आत सोडलं नव्हतं; मला मांडीवर घेऊन त्या दाराबाहेरच बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर नात दाखवली, तेव्हा त्यांनी आधी डोळे पुसले आणि मग त्याच हाताने मला पुसलं. असा मान मोठमोठ्या यंत्रांनाही मिळाला नसेल!

पुढे कितीतरी दंडांना बिलगलो. आता पट्टा सैल पडलाय, अंगावर ओरखडे आहेत, पण आकडा अजून चोख सांगतो. एकच मागणं आहे. तो वाढलेला दिसला तर मला आपटू नका, डॉक्टरांना फोन लावा. मला नुसतं मोजता येतं.

आज नव्या घरी निघालोय. पहिलटकरीण आहे, घाबरली असेल. येतो मी.