कितव्या पायरीवर?

मित्रांनो, मी मलमाची एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची, पांढरी, वीतभरही उंच नसलेली. माझ्या झाकणाचा एक कपचा उडालाय, त्यामुळे ते जरा फिरवून बसवावं लागतं. ही युक्ती घरात दोघांनाच ठाऊक होती. त्यांतले एक आता नाहीत, आणि दुसरी मला स्वतःहून उघडत नाही. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

भट्टीतून निघाले तेव्हा आम्ही चाळीस जणी होतो. गवतात गुंडाळून आम्हाला एका मोठ्या दवाखान्याच्या औषधखोलीत आणलं. तिथे एक कंपाउंडर होते. अंगाने काटकुळे, बोलायला कंजूष, पण टेबलावरच्या काचेच्या फरशीवर मलम घोटायला लागले की बघत राहावं. चपट्या सुरीने घोटून घोटून ते औषधाची पूड व्हॅसलिनमध्ये अशी जिरवायचे की बोटाला एक कण लागायचा नाही. तेव्हा आम्हाला फार भाव होता. पुढे प्लास्टिकच्या डब्या आल्या. पडल्या तरी फुटत नाहीत म्हणे! आम्ही कपाटावर धूळ खात पडलो. एकेक करून बाकीच्या फुटल्या. मला मात्र कंपाउंडरांनी साहेबांना विचारून घरी आणलं, बायकोसाठी.

त्यांच्या बायकोला खाज होती. हसू नका. डास चावल्यावर तुम्हाला सुटते ती नव्हे. ही वीस वर्षं मुक्कामाला होती. घोटे, कोपर, मान, पाठ, सगळीकडे कातडी जाड आणि खरखरीत झालेली, जागोजागी फाटलेली. ती शिवणकाम करायची. एका हाताने मशीनखाली कापड सरकवायचं आणि दुसऱ्या हाताने खाजवायचं. एकदा कुणाच्या तरी पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडला, तेव्हापासून गिऱ्हाइकं कमी झाली. हा आजार लागत नाही, तरी बाकावर शेजारी बसलेली बाई हळूच सरकून बसायची. घरातली लेकसुद्धा म्हणायची, "आई, किती खाजवतेस! नको ना खाजवूस." जशी काही आईला हौसच होती.

कंपाउंडर संध्याकाळी घरी आले की हात धुऊन मला खाली काढायचे आणि खिडकीपाशी स्टूल ओढायचे.

"अगं, आज कितव्या पायरीवर?"

त्यांनी दहा पायऱ्यांचा एक जिना मनात बांधून ठेवला होता. दहावी पायरी म्हणजे जीव नकोसा.

"नवव्या."

"बरं. चल, उतरू या."

मग ते माझ्यात बोट बुडवायचे आणि एकेक जागा विचारत, हलक्या हाताने चोळत बसायचे. मध्येच "आता?" म्हणायचे. "सहा," ती सांगायची. पुन्हा थोड्या वेळाने "आता?" आणि तिचं उत्तर यायचं, "तीन आहे हो. पुरे झालं, चहा निवला तुमचा."

"निवू दे चहा. तू आधी खाली ये."

ती हसायची. माझ्या सगळ्या आयुष्यात ते हसणं मला सगळ्यांत जवळचं आहे.

पण ते औषध जोरकस होतं. वर्षानुवर्षं लावून तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. मशीनची कड लागली तरी काळंनिळं पडायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळूहळू कमी करत बंद करा. आता ऐकायलाच हवं." घरी येऊन तिने हात जोडले. "हे काढून घेतलंत तर मी वेडी होईन. सांगून ठेवते."

कंपाउंडरांनी पूड आधी अर्धी केली, मग पाव, मग चिमूटभर. एक दिवस माझ्यात भरलं ते नुसतं व्हॅसलिन आणि मेण. डॉक्टरीणबाईंना हे माहीत होतं. तिला नव्हतं.

त्या संध्याकाळी मलम काढताना त्यांचं बोट माझ्या कडेला दोनदा आपटलं. असं कधी व्हायचं नाही.

"कितव्या?"

"आठव्या."

ते चोळत बसले. नेहमीपेक्षा जास्त जपून. आणि मित्रांनो, ती उतरली! सात, पाच, तीन. "आज तर बाई लवकर उतरले," ती म्हणाली. कंपाउंडर हात धुवायला उठले आणि नळ सोडून, पाण्याच्या आवाजात रडले. मला त्यांनी ओट्यावर ठेवलं होतं, मी पाहिलं.

अशी नऊ वर्षं गेली. तिची कातडी भरून आली. काळेनिळे डाग गेले. दर वेळी मला भरताना कंपाउंडर पुटपुटायचे, "उद्या सांगतो तिला." आणि उद्या तिचा हसरा चेहरा पाहिला की त्यांची जीभ उचलायची नाही. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं, पण मला तोंड आहे ते फक्त मलम काढण्यापुरतं.

एका दुपारी औषधखोलीत मलम घोटता घोटता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

माझ्यात तेव्हा पाऊण मलम होतं आणि त्यात मधोमध त्यांच्या जाड बोटाची चर उमटलेली होती, आदल्या संध्याकाळची. तिने ती चर मोडली नाही. कितीतरी महिने ती कडेकडेने मलम काढत राहिली आणि स्वतःच स्वतःला विचारत राहिली, "कितव्या?" पाचव्या पायरीच्या खाली काही ती उतरत नव्हती, पण दिवस निघत होते.

मलम संपत आलं तसं लेक मला पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन गेली, तसंच नवं बनवून घ्यायला. औषधखोलीत आता एक तरुण मुलगी होती. तिने कंपाउंडरांची जुनी वही काढली आणि बोट फिरवत थांबली. "ताई, सरांनी स्वतः लिहून ठेवलंय. नऊ वर्षं झाली, यात औषध नाहीच. साधं मलम आहे हे."

लेक घरी आली ती बोलतच. "आई, अगं बाबांनी तुला चक्क गंडवलं! तू नुसतं व्हॅसलिन लावत होतीस इतकी वर्षं. म्हणजे खाज तुझ्या मनातच होती म्हणायची!"

लेक वाईट नाही, मित्रांनो. आईला काही आजारच नव्हता म्हणून तिला हायसं वाटलं होतं. पण आई सुईत दोरा ओवत होती, तिने सुई खाली ठेवली.

"म्हणजे ते मला खोटी समजत होते?"

एवढंच म्हणाली. मी टेबलावरून ओरडत होते, "नाही गं, नाही!" पण बरणीचं कोण ऐकतं? तिने मला उचलून सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं. त्या दिवसापासून ती दहाव्या पायरीवर होती. मान रक्ताळली, बाह्यांना डाग पडले. तरी कुणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही. मनाचे खेळ."

शेवटी लेक घाबरली आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दाखवायला म्हणून मलाही नेलं. बाईंनी तिची मान तपासली, मला उघडून पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, खाज खरी आहे. आणि पडत होता तो आरामही खरा होता. खाज कातडीत उठते, पण ती किती जाणवायची ते मेंदू ठरवतो. आता बरं वाटणार अशी खात्री असली, रोजचा हात फिरला, की मेंदू तिला खरोखरच आवर घालतो. थोडा गुण साध्या मलमाचाही असतो. यात तुम्ही खोट्या कुठे ठरता?"

तिने हाताने मान झाकली.

"तुमचे मिस्टर दर महिन्याला इथे बसून मला विचारायचे, 'हिला कसं सांगू?' तुमची खाज त्यांना खोटी वाटली असती, तर इतके घाबरले असते का ते?"

तेव्हा ती रडली. ते गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठमोठ्याने, लेकीसमोर. घरी आल्यावर तिने माझं झाकण फिरवून उघडलं आणि त्या चरीत अलगद बोट ठेवलं. चर तिच्या बोटाला मोठी होत होती. "उद्यापासून लावीन," ती म्हणाली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापड आणायला बाहेर गेली. लेकीला आपलं बोलणं डाचत होतं. तिला आईसाठी काहीतरी करायचं होतं. तिने दवाखान्यातून तसंच साधं मलम बनवून आणलं, माझ्यात मधोमध उरलेलं खरवडून कागदावर काढलं, कागद केरात टाकला, मला गरम पाण्याने लख्ख धुतलं आणि नवं मलम भरलं. वरून चमच्याने छान सपाट केलं. तिला काय माहीत? चरीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गरम पाण्याने माझ्या अंगाला कधी काही झालं नाही, पण त्या दिवशी मला तडा गेला असता तर बरं झालं असतं.

"आई, बघ तरी!" लेकीने मला पुढे केलं.

आईने झाकण उघडलं. आत सगळं सपाट, कोरं. चर होती तिथे तिने बोट नेलं आणि मागे घेतलं. मग म्हणाली, "छान केलंस हो."

लेकीने स्टूल ओढलं. बोट बुडवलं, चोळू लागली. तिचा हात चांगला आहे, पण घाईचा आहे.

"आई, कितव्या पायरीवर?"

"आठव्या."

"आता?"

आईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा इतका आशेने भरलेला होता.

"उतरले गं," ती म्हणाली. "तीनवर आहे."

लेक समाधानाने हात धुवायला गेली. नळाचा आवाज आला तसं आईने बाही वर केली आणि कचकचून खाजवलं, रक्त येईपर्यंत. मग बाही खाली ओढून माझं झाकण लावलं.

आता रोज संध्याकाळी असंच चालतं. लेक विचारते, आई तीन सांगते. मित्रांनो, मी जुनी बरणी, मी तुम्हाला काय शिकवणार? पण कुणी खाज सुटते म्हणालं तर त्याला मनाचे खेळ म्हणू नका. बरणी धुण्याआधी आत एकदा नीट बघा. आणि 'कितव्या पायरीवर?' असं विचारलंत, तर उत्तर ऐकून लगेच हात धुवायला उठू नका. थोडं बसा. आमच्या घरात नळ अजून वाहतोय, आणि बाही पुन्हा वर गेली आहे.