फुली नसलेलं तळं

हेल्मीने कनू, म्हणजे अरुंद, हलकी होडी, उलटी करून डोक्यावर घेतली, मधली आडवी पट्टी खांद्यांवर टेकवली आणि ती पेट्रोल पंपाच्या दिशेने चालू लागली. होडीखालून तिला फक्त स्वतःचे गमबूट आणि पुढची दोन हात जमीन दिसत होती. तरी सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे तिला कळत होतं, कारण जाणारा प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवत होता. पोस्टातल्या बाईंनी तर खाली वाकून, तळं मागे राहिलं गं, असं सांगूनही पाहिलं. एप्रिल संपत आला होता आणि गोठलेल्या तळ्यावर अजून माणसं चालत होती.

घर ते पंप आठशे मीटर. तिने आखलेल्या फेरीत एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना होडी अशीच डोक्यावर न्यायची होती, आणि त्यातली सर्वांत लांब वाट नऊशे मीटरची होती. म्हणजे आता सरावात फक्त शंभर उरले.

त्यांच्या घरात एक नियम होता. ज्या मुलाला किंवा मुलीला सोळावं लागेल, वसंतातली ट्राउट माशांची फेरी त्याने किंवा तिने आखायची. आर्वो आजोबा सगळं ऐकून घेणार. पटलं तर ‘हं’ म्हणणार, आणि मग आखणारा कनूत मागे बसणार, म्हणजे होडी वळवणं त्याच्या हातात. नाही पटलं तर रेयनोकाकाची मोटरबोट, मोठ्या तळ्यावर दिवसभर गोलगोल आणि वर रेडिओ. त्यात जूनमध्ये आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुढच्या वसंताबद्दल डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. जे काय ते याच वर्षी.

आजोबांनी तिला आपला जुना नकाशा दिला होता. त्यावर पेन्सिलीच्या नऊ फुल्या होत्या, आणि प्रत्येक फुलीशेजारी बारीक अक्षरात मिळालेल्या माशांची नोंद: ‘६ मे १९९४. संध्याकाळी. चार, मोठे.’ नऊच्या नऊ तिला पाढ्यांसारख्या पाठ होत्या, आणि त्यातल्या तीन उत्तम फुल्या धरून फेरी तयारही होती. शनिवारी सांगायची, बस्स.

पंपावर तिने कनू भिंतीला टेकवली आणि आत जाऊन गरम चॉकलेट मागितलं. गाव दर हिवाळ्यात तळ्यावरच्या बर्फात एक रिकामं पिंप ठेवतं आणि ते कोणत्या दिवशी बुडेल यावर पैजा लावतं. बर्फ फुटल्याच्या त्या तारखा पंपाच्या लोर्नाबाई गल्ल्यामागच्या भिंतीवर रंगवून ठेवतात. पन्नास वर्षांची भिंत होती ती. हेल्मी कपावर हात शेकत वाचत होती. १९९४: १७ मे.

तिने कप खाली ठेवला. ६ मे. सतरा मे. अकरा दिवस आधी आजोबांनी बर्फावर कनू हाकली की काय? आणि फुल्यांची तळी तर वर, डोंगरात. तिथे बर्फ आणखी उशिरा सुटतो. तिने दुसरी फुली आठवली, मग तिसरी. नऊच्या नऊ तारखा बर्फातल्या निघाल्या.

“काय गं, पैज लावायचीय?” लोर्नाबाईंनी विचारलं.

“एक लावलेलीच आहे,” हेल्मी म्हणाली. “आत्ताच कळलं.”

परतताना ती होडीखाली एकटीच हसत होती आणि होडी ते हसू दुप्पट करून तिला परत देत होती. रेयनोकाकाने सोळाव्या वर्षी याच फुल्यांवरून फेरी आखली होती. तीन दिवस सगळ्यांनी नुसती ओटची पेज खाल्ली. तेव्हापासून काका येईल-जाईल त्याला सांगतो की वरच्या तळ्यांतले मासे संपले.

फुल्या नकाशात डोकावणाऱ्यांना चकवण्यासाठी होत्या. मग मासे कुठे होते?

घरी आल्यावर तिने नकाशा खिडकीच्या काचेला लावला. फुल्यांपाशी कागद कडक होता, नव्यासारखा. एकाच जागी उजेड आरपार येत होता. तिथे घडीही पडत नव्हती. वरच्या कोपऱ्यातलं एक इवलंसं तळं, ना नाव, ना फुली. तिथला कागद अंगठ्याएवढा झिजून जुन्या सदऱ्यासारखा मऊ झाला होता.

शनिवारी आजोबा कॉफी आणि वेलचीचा गोड पाव घेऊन टेबलाशी बसले. समोर रेयनोकाका, तोंडात पाव. आजोबांनी एकेक करून विचारलं. निघायचं कधी? पिंप बुडाल्यावर सहा दिवसांनी, कारण वरचा बर्फ मागाहून सुटतो. वाऱ्याचं काय? मोठं तळं नाश्त्याच्या आधीच ओलांडायचं. शिधा? मासे मिळणारच असं धरून शिधा बांधायचा नाही, एका दिवसाचा जास्तच न्यायचा. इथे काकाने घसा खाकरला. कनू कोण उचलणार? ती. हे तर गावालाच माहीत होतं.

“मुक्काम कुठे?”

हेल्मीने त्या इवल्या तळ्यावर बोट ठेवलं.

“अगं, तिथे फुलीच नाही,” काका हसत सुटला. “बाबांनी नऊ ठिकाणी लिहून ठेवलंय, आणि बाईसाहेब निघाल्या बेडकांच्या डबक्यात.”

आजोबांचा अंगठा कपाच्या कानावरून फिरत होता. तो थांबला.

“तिथेच का?”

सगळं तिच्या जिभेवर होतं. भिंत, तारखा, खिडकीतला उजेड. आरशासमोर दोनदा म्हणूनही झालं होतं. तिने काकाकडे पाहिलं. त्याच्या मिशीत साखर अडकली होती आणि तो मनापासून हसत होता.

“मला आवडलं,” ती म्हणाली. “तिथला कागद मऊ आहे.”

“कागद मऊ आहे,” काकाने टेबलावर थाप मारली. “बाबा, ऐकलंत?”

“ऐकलं. रेयनो, कनू बांधायचे पट्टे उंदरांनी खाल्लेत का, ते बघून ये.”

“बाहेर अजून बर्फ आहे, बाबा.”

“बघून ये.”

काका बाहेर गेला, दार लागलं. मग आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली. आता ते तळ्यावर खूण करणार असं हेल्मीला वाटलं. त्यांनी पेन्सिल उलटी फिरवून तिच्यापुढे ठेवली.

“एक फुली मार. ते तळं सोडून कुठेही.”

तिने घाई केली नाही. तीन बेटं असलेलं एक तळं निवडलं. दिसायला सुंदर, आणि वाटेत दोन खड्या चढणी. तिथे फुली मारली. तारीख घालताना तिला पंपाची भिंत आठवली आणि तिने गेल्या वर्षी बर्फ फुटायच्या दोन दिवस आधीची घातली. बाहेरून काका ओरडून सांगत होता की पट्टे एकदम धड आहेत.

“किती मिळाले लिहू?”

“हावरटपणा नको. तीन.”

तिने ‘तीन’ लिहिलं, आणि थोडं थांबून पुढे ‘मोठे’. आजोबांनी नकाशा आपल्याकडे ओढला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि वाचलं.

“हं,” ते म्हणाले.