पेरूचा वास

गेंदा, म्हणजे आपला झेंडू, उन्हाच्या आधी खुडावा लागतो. ऊन चढलं की पाकळ्या मऊ पडतात आणि मंडीत माळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही. हरतालिकेच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी टोपली घेऊन वावरात होते. काळी चिकणमाती चपलेला धरत होती. दर दोन ओळींनंतर मी बांधावर बसत होते.

"घरी जा की. उपास आहे तुझा," पलीकडच्या ओळीतून विश्वेश म्हणाला.

"उपासाचं काही नाही. तहान लागलीय."

"मग जा हापशावर. आई फुलवाती वळतेय, बघायची नाही."

हापसा परसात, पेरूच्या झाडाखाली. मी चार पेले प्यायले, क्षणभर थांबले, पुन्हा दोन प्यायले. तहान जागची हलली नाही.

आमचं गाव बनारसपासून वीस किलोमीटरवर, गंगेच्या अंगाला. गावात मराठी घर एकच. विश्वेशच्या पणजोबांना कुणा यजमानानं ही जमीन दान दिली, तेव्हा मंगला गौरीच्या देवळाजवळची भिक्षुकी सोडून ही माणसं शेतात उतरली. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., गावाबाहेरच्या मुलींच्या कॉलेजात शिकवते. अकरा वर्षांची असल्यापासून मला टाइप वन मधुमेह आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही. रोज चार वेळा टोचून घ्यावं लागतं.

लग्न ठरताना विश्वेशला सगळं सांगितलं होतं. आईंना, म्हणजे सासूबाई शरदिनीबाईंना, एवढंच की सून सुई घेते. त्यांनी एकच अट घातली.

"घरातली गोष्ट घरात. नाहीतर गाव म्हणेल, पंडितांनी बीमार सून आणली."

तेव्हापासून दोन वर्षं मी कोठीच्या खोलीत जाते, दार लावते, गव्हाच्या टाकीमागे उभी राहून टोचते. जेवायला बसल्यावर मनात हिशेब करते, दोन पोळ्या, भात अर्धी वाटी, इतके युनिट. शेजारी कुणी बोलत असलं तरी मी त्या हिशेबात एकटीच असते.

त्या आठवड्यात हिशेब जुळत नव्हता. शनिवारपर्यंत साखर ठीक होती. रविवारी दोनशे ऐंशी. सोमवारी तीनशे बारा, आणि त्याबरोबर तपासायच्या पट्ट्या संपल्या. रस्त्यावर पुराचं पाणी चढलेलं, म्हणून पट्ट्या गणपतीनंतर आणू असं ठरलं. मी दोन-दोन युनिट वाढवत गेले. खोकल्यावर शंका घेतली, पावसाळी हवेवर घेतली, कॉलेजातल्या तपासणीच्या ताणावर घेतली. बाटली नवीन, रविवारीच उघडलेली होती, तिच्यावर घेतली नाही. उपास असला तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नसतं, म्हणून तेही मी त्या पहाटे न चुकता टोचलं होतं.

दुपारी दोन उलट्या झाल्या. आई म्हणाल्या, "पित्त. निर्जळी उपासाला होतंच. पड जरा."

पडल्या पडल्या श्वास लागायला लागला. न धावता धाप. चार वाजता उठून ओसरीवर आले. दुसऱ्या दिवशीच्या गणपतीसाठी माळा गुंफायच्या होत्या. आई सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. समोर सुरसती चाची, पलीकडच्या घरच्या. गावात कुणाची म्हैस कधी व्यायली हे त्यांना म्हशीच्या मालकाआधी कळतं. मी दोऱ्याचं रीळ उचलायला आईंजवळ वाकले.

आईंनी मान मागे घेतली.

"अगं, तोंड इकडे कर." मी केलं. "पेरू खाल्लास."

"नाही."

"नाही कसं? वास येतोय. सकाळपासून परसात फेऱ्या चालल्यात तुझ्या. हरतालिकेचा उपास, आणि झाडाखाली उभं राहून पेरू खाल्ले!"

"का भयल?" काय झालं म्हणून चाचीनं विचारलं.

"काही नाही, आमचं आपलं."

मी भिंतीला हात लावून खाली बसले. "आई, कसला वास? नीट सांगा."

"पेरूचा! आणखी कसला?"

"कच्च्या, की पिकून सडलेल्या?"

"खाल्लंस ते खाल्लंस, वर मलाच विचारतेस कुठला?"

"आई, सांगा ना. गोड आहे? त्यात नखाचा रंग पुसायच्या दवाईसारखं काही आहे?"

आईंच्या हातातली माळ थांबली. त्यांनी पुन्हा वाकून वास घेतला, या वेळी माझ्या डोळ्यांत बघत. "आहे. तसंच काहीतरी आहे."

शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं. त्यातून रक्तात आम्ल साठतं आणि ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. मी हे फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. पण तो वास ज्याचा त्याला येत नाही. घरात मी एकटी असते तर मला तो कधीच कळला नसता.

"विश्वेशला बोलवा," मी म्हटलं. "मला आत्ता शहरात नेलं पाहिजे. उद्यापर्यंत मी राहणार नाही."

आवाज चढवला नव्हता. बहुधा त्यामुळेच आई घाबरल्या.

पुलियाजवळ, रस्त्यातल्या लहान पुलाशी, गुडघाभर पाणी होतं, मोटार जाणार नव्हती. विश्वेशनं ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गेंद्याची रिकामी पोती अंथरली. आई वर चढल्या आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्याही पोटात सकाळपासून थेंब नव्हता. सासरे गेले तरी त्यांनी हा उपास सोडला नव्हता. चाकांखाली पाणी फाटत होतं. मी श्वास मोजत होते, मिनिटाला चौतीस. पुढे आकडे एकमेकांत मिसळले. ट्रॉलीत दोन माणसं होती, पण मी फार लांब कुठेतरी होते. तिथं ऊन होतं आणि कुणी ओळखीचं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा खिडकीत सकाळ होती. दोन्ही हातांना नळ्या. डॉक्टरीण बाई कागद बघत होत्या. "और दो घंटे देर होती तो मुश्किल था। पहचाना किसने?"

"सासूजी ने," मी म्हटलं.

आई स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरीण गेल्यावर त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. "ह्यात काय असतं?"

"मिठाचं पाणी."

"पाणी?" त्या विचारात पडल्या. "तोंडातून तर नाही गेलं. मग उपास मोडला नाही."

"आई, मी काल दिवसभर हापशावर पाणी प्यायलेय. वीसएक पेले."

"ते माहीत आहे मला. हापसा काय मुका आहे? पाण्याचं मी काही बोलले का तुला? पेरूचं बोलले."

मला हसू आलं. पोट दुखलं म्हणून थांबले.

तेवढ्यात विश्वेश इन्सुलिनची नवी बाटली घेऊन आला. घरी गेल्यावर फ्रिजच्या दारातच ठेव, असं मी त्याला सांगत होते.

"दारात कशाला?" आई म्हणाल्या. "वर बर्फात ठेवावी. मी ठेवली होती ना."

"कधी?"

"शनिवारी. गणपतीचा खोवा आला, सोवळ्यातला. सुईच्या औषधात काय काय असतं कोण जाणे, खोव्याशेजारी कसं ठेवणार? म्हटलं, थंडच लागतं ना हिला, अजून थंड होऊ दे. रात्री बिजली गेली, बर्फ वितळलं, पहाटे परत दारात ठेवून दिली. जशीच्या तशी!"

जशीच्या तशी. गोठून वितळलेलं इन्सुलिन निकामी होतं, आणि दिसायला पाण्यासारखं स्वच्छ राहू शकतं. तीन दिवस मी तेच टोचत होते आणि वाढवत होते.

न सांगणं सोपं होतं. पण पुढच्या वर्षी पुन्हा खोवा येणार होता. मी सांगितलं, दोन वाक्यांत.

आईंनी पदराचा काठ सरळ केला. "मला काय माहीत?" मग म्हणाल्या, "दोन वर्षांत एकदा तरी सांगितलंस, की बर्फात चालत नाही?"

नव्हतं सांगितलं. तुम्ही विचारलं नाहीत, हे तोंडाशी आलं, तिथंच ठेवलं. दार मीही आतूनच लावत होते.

सहाव्या दिवशी घरी आले. गणपती विश्वेशनंच बसवला आणि उठवला होता. दुपारी सुरसती चाची ओसरीवर.

"का भयल रहल दुलहिन के?"

"बुखार," आई पटकन म्हणाल्या.

मी आत खाटेवर होते. उठायला वेळ लागला, पण उठले, दारात येऊन उभी राहिले. "बुखार नहीं था, चाची। मुझे शुगर है। ग्यारह साल की थी तब से। रोज सुई लेती हूँ।"

 चाचीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बस? चिन्नी के बेमारी? अरे, त करइला खा, करइला! जड़ से चल जाई।"

मी सांगायला लागले, की हा आजार निराळा, कारल्यानं जाणारा नाही, साखर खाल्ल्यानं आलेला नाही. चाची मान डोलावत होत्या आणि ऐकत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कारली होती. चाचींची एक टोपली, भाजी पिकवणाऱ्या कोइरींच्या घरून एक पिशवी, आणि पाटीभर कुणी ठेवून गेलं ते कळलंच नाही. सगळ्या गावाला कळलं होतं आणि कुणालाही कळलं नव्हतं.

आईंनी पाटी चुलीजवळ ओढली आणि कारली चिरायला घेतली, आपल्याकडे करतात तशी, पातळ काचऱ्या. मीठ लावून पिळली, फोडणीत टाकली. मग गुळाचा डबा उघडला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे वळल्या.

"गूळ किती घालू?"

लग्नानंतर त्यांनी मला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नेहमी घालता तेवढा घाला," मी म्हटलं. "सुईचं मी बघते."

मग कोठीच्या खोलीत जाऊन सुई घेऊन आले, आणि चुलीशेजारी पाटावर बसले.