अर्धं उरलेलं झुडूप

माळ्याने मधमाशीला घाबरायचं, म्हणजे नावाड्याने पाण्याला घाबरण्यासारखीच गत. पण या माळ्याची खरोखरच पाचावर धारण बसली होती. गेल्या वर्षी एक मधमाशी मनगटाला चावली आणि बघता बघता त्याचा घसा आवळला, तोंड सुजलं, शुद्ध हरपली. "पुढच्या वेळी एवढाही वेळ मिळणार नाही," असं बजावून डॉक्टरांनी कायम जवळ बाळगायला इंजेक्शन दिलं. ते घरी कपाटात पडून होतं. चार लोकांत दिसलं, तर अशा माळ्याला काम कोण देणार?

आणि नेमकं तो ज्यांच्याकडे कामाला होता त्या काकूंच्या बागेत भर हिवाळ्यात फुलणारं एक झुडूप होतं. बाकी बाग गारठून बोडकी झाली की याला पिवळे तुरे फुटायचे. ऊन चढलं की आसपासच्या सगळ्या मधमाश्या तिथे, कारण दुसरीकडे खायला होतंच काय? काटेरी पानांत मांजर शिरत नाही, म्हणून चिमण्याही तिथेच झोपायच्या. काकू रोज दुपारी खिडकीत बसून हा संसार बघायच्या. माळी जीव मुठीत धरून लांबचे वाफे खुरपायचा.

शेवटी त्याने थाप मारली. "काकू, मूळ कुजलंय. आत्ता काढलं नाही, तर बाकीची झाडंही जातील."

काकूंनी एकदा झुडपाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं कळतं, दादा. काढा."

थंडीत मधमाश्या उडत नाहीत, म्हणून तो उजाडताच आला. चिमण्या भुर्रकन उडाल्या. करवत चालवून अंग तापलं, तसा त्याने मफलर काढून फांदीवर टाकला. अर्धं झुडूप आडवं झालं तेव्हा घाम गार पडायला लागला. मफलर पुन्हा गुंडाळून तो पायरीवर टेकला.

कानाखाली काहीतरी हललं.

मधमाशी! काल संध्याकाळी गारठून फुलातच राहिलेली असणार, आणि तिथून मफलरात. काकू चहा घेऊन आल्या, तर हा जागच्या जागी थिजलेला, डोळे तेवढे फिरताहेत.

"काकू, मफलरात बघा. हात लावू नका. मधमाशी चावली तर मी मरेन. खरंच मरेन, गेल्या वर्षी कसाबसा वाचलो."

काकूंनी वाकून बघितलं. "आहे. गारठलीय बिचारी. तुमच्या उबेने जागी होतेय. डॉक्टरांनी काही दिलंय का?"

"इंजेक्शन. घरी आहे."

त्याचंच अंग तिला उठवत होतं. आता रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"म्हणून झुडूप कापायला काढलंत?"

हो म्हणायला मान हलवायची सोय नव्हती. त्याने नजर खाली वळवली आणि काकूंना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या वळून निघून गेल्या.

आता या परत येत नाहीत, त्याला वाटलं. हाक मारायला तोंड तरी कुठे उरलं होतं? मानेवर बारीक पाय केसांकडे सरकत होते.

काकू कापलेल्या फांद्यांच्या ढिगातला एक तुरा घेऊन आल्या आणि हळूच त्याच्या कानाखाली टेकवला. "थंडीने पडलेल्यांना मी अशीच उचलते. हलू नका. श्वास सावकाश घ्या." गोड वास नाकात शिरला. इतके दिवस त्याला या वासाचीही भीती वाटत आली होती. मानेवरची वळवळ एकदम वाढली, मग थांबली.

"चढली," काकू म्हणाल्या.

तुरा उरलेल्या फांद्यांत खोचून त्या परत आल्या. "जा, इंजेक्शन घेऊन या. ते खिशात असल्याशिवाय माझ्या फाटकात पाय ठेवायचा नाही."

तो परतला तेव्हा दुपार झाली होती. काल जिथे फांद्या होत्या, तिथल्या रिकाम्या हवेत मधमाश्या घिरट्या घालत होत्या. आपण काय केलं ते बघून त्याला भयंकर लाज वाटली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

काकू कापलेल्या फांद्या पाण्याच्या बादल्यांत उभ्या करत होत्या. "फुलं आणखी आठवडाभर तरी टिकतील. एक बादली भरून नळापाशीच ठेवा, मी नेईन."

त्याने बादली भरली. खिसा चाचपला. बादली न ठेवता तो झुडपाकडे पाच पावलं गेला, मग सहावं टाकलं. पाणी हिंदकळून चपलांवर सांडत होतं. काकूंच्या शेजारी बादली टेकवून त्याने जी धूम ठोकली, ती थेट फाटकाबाहेर.