रेषेवरचे पाय

"भाऊ गोलमध्ये आणि बहीण शिट्टीवर! मग आम्ही काय टाळ्या वाजवायला आलो?" जसोंडीच्या संघाने आल्याआल्याच ओरड केली.

"दुसरा पंच आहे का?" हिमानीने शांतपणे विचारलं.

नव्हता. ठरलेला पंच तापाने फणफणला होता, म्हणूनच चार दिवसांसाठी घरी आलेल्या हिमानीला लोकांनी गळ घातली होती. आठवड्यापूर्वी तिने ताश्कंदला दोन देशांची मॅच खेळवली होती. घरी मात्र आई अजून "पोरगी शिट्टीच्या कामाला बाहेर जाते" असंच सांगायची. लालबागचा गोल सांभाळणाऱ्या हर्षललाही बहिणीचं काम त्याहून मोठं वाटलं नव्हतं.

आता शेवटचं मिनिट उरलं होतं. लालबाग एका गोलने पुढे होतं. इथला जुना नियम असा, की बरोबरी झाली तर कप मागच्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहतो, म्हणजे जसोंडीकडे. लालबागने तो अकरा वर्षांत पाहिला नव्हता. आणि हिमानीने जसोंडीला पेनल्टी दिली होती.

हर्षल फक्कीने आखलेल्या पांढऱ्या गोलरेषेवर उभा राहिला. त्याची एक चोरटी खोड होती. किक बसायच्या जराच आधी तो दोन्ही पायांनी वीतभर पुढे सरके. तेवढ्याने मारणाऱ्याचा कोन लहान होई. दहा वर्षांत एकाही पंचाला ते दिसलं नव्हतं. सगळे बॉलकडे बघत.

जसोंडीच्या लोटूने किक मारली. हर्षल उजवीकडे झेपावला, बोटं लागली, बॉल बाहेर! लालबाग नाचायला लागलं.

तेवढ्यात शिट्टी. किक परत.

"पागल झाली का तुझी ताई?" कप्तान रितेश धावत आला. "साफ अडवला ना यार! तू बोल. घरचा आहेस, तुझं ऐकेल."

हर्षल तिच्यापुढे गेला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती.

"एक तरी पाय रेषेवर हवा. तुझे दोन्ही पुढे होते. ही ताकीद."

उतरतं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर होतं. बाजूला पंधरा-सोळा जण एकमेकांना रेटत होते. ती वीस पावलांवर उभी होती. आणि ती चोरी पापणी लवण्याइतकीही नव्हती. कधीकधी ती त्याची त्यालाही कळत नसे.

"तुला दिसलं?"

"हो."

दहा वर्षांत कुणाला न दिसलेलं तिला दिसलं होतं. 'नाही सुटले पाय' एवढं जरी तो म्हणाला असता, तरी अख्खं लालबाग त्याच्या बाजूने उभं राहिलं असतं.

"पाय सुटले होते माझे," तो रितेशला म्हणाला.

"गप ना! कप जाईल!"

"सुटले होते, भाऊ. दहा वर्षं सुटताहेत."

या वेळी त्याने टाचा रेषेवर रोवल्या. लोटूने डावीकडे मारला. हर्षल झेपावला, पण बॉल बोटांपासून टीचभर लांबून आत गेला. जसोंडीचा ढोल सुरू झाला. रितेशने त्याच्याकडे पाठ फिरवली.

हर्षल धुळीत पडल्यापडल्या हिमानीकडे बघत राहिला. मध्यरेषेकडे हात करून ती उलट्या पावलांनी धावत निघाली होती. नजर बावीस जणांवरून फिरत होती, आणि त्या नजरेतून त्यातला एकही सुटत नव्हता.