थुआनकाकांची उदबत्ती

वाडगं घासूनपुसून मी थुआनकाकांच्या ओट्यावर पालथं घातलं, तेवढ्यात लिएन आत आली आणि दारातच थबकली. त्यातली राख कुठे आहे, असं तिनं विचारलं. मी खिडकीबाहेर गुलाबाच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. आपल्याकडे सणावाराला देवाची भांडी लख्ख घासतात, तसंच मी केलं होतं. न सांगता मदतीला धावायची मला भारी हौस.

हे दोन हजार चार सालच्या जूनमधलं. अमेरिकेत, ईडन प्रेरीत आमच्या शेजारी थुआनकाका आणि त्यांची मुलगी लिएन राहायचे. काका व्हिएतनाममधल्या ह्युए गावी इतिहासाचे मास्तर होते. इथे शाळेत पंधरा वर्षं झाडलोट करून निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांच्या वडिलांची पुण्यतिथी होती. पूर्वजांपुढे लावलेल्या उदबत्त्यांची राख त्या वाडग्यात थेट ह्युएपासून साठत आलेली. घरच्या कर्त्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यात ते वाडगं संध्याकाळी ह्यूस्टनला जाणार होतं. कन्फ्यूशियसच्या मागाहून आलेल्या चिनी पंडितांनी घराची जी घडी घालून दिली, ती काकांच्या समाजातही शेकडो वर्षं मुरलेली. बाईनं आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं ऐकायचं, आणि पूर्वजांची उदबत्ती पुरुषानंच पुढे न्यायची. काकांना मुलगा नव्हता, म्हणून ते न्यायला तिथून पुतण्या बाओ आला होता. लिएननं लग्न न करता बापाचं सगळं केलं, तरी ती त्यांच्यापुढे याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. मला मात्र एकदा म्हणाली होती, "वाडगं गेलं की घरात टीव्हीच उरेल."

बाओ वाफ्यातली राख गोळा करायला गेला, पण स्प्रिंकलर चालू होता, ती पाण्याबरोबर मातीत गेली होती. राख नसेल तर नुसतं भांडं नेऊन काय करू, असं तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर प्रताप म्हणाला, "अगं, विचारायचं तरी. आता सॉरी म्हण आणि काही फिक्स करायला जाऊ नकोस."

मी माफी मागितली. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी बाओ आणि लिएनला समोर बसवलं आणि, बहुधा माझ्यासाठी, सावकाश इंग्लिशमध्ये बोलू लागले.

"आमच्याकडच्या ले वंशाच्या राजांनी त्या पंडितांचे नियम घेतले, पण कायद्यात एक गोष्ट वेगळी लिहिली. मुलगा नसेल तर पूर्वजांच्या पूजेची जमीन, म्हणजे पूजाही, थोरल्या मुलीकडे. परीक्षेत मी हे हमखास विचारायचो. घरी कधी आठवलं नाही."

घराण्यातले लोक काय म्हणतील, असं बाओनं विचारलं.

"सांग त्यांना, मास्तर विसरला होता."

वाडग्यात राखेऐवजी कोरडे तांदूळ भरले तरी चालतं म्हणे. काकांनी ते स्वतः भरले. पूजेला उभं राहायचा क्रम ठरलेला असतो: कर्ता पुढे, त्याच्यामागे पुरुष, बायका शेवटी. लिएन सवयीनं मागे भिंतीशी जाऊन उभी राहिली. काकांनी पेटवलेली उदबत्ती तिच्या हातात दिली आणि खांद्याला धरून तिला पुढे आणलं.

मग कोटाची बटणं लावून काका तिच्या मागे, बाओच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि ती वाकली तेव्हा वाकले.