एका नंबरावरची चौदा घरं

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काच तीन ठिकाणी तडकलेली, पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आणि बॅटरीचा तर भरवसाच नाही. सोनईच्या बाजारात भारतीने मला घेतलं तेव्हा वाटलं होतं, आता गाणी वाजवायची, फोटो काढायचे. कसचं काय!

आमच्या आळीत, विहाराच्या मागे, चौदा घरं. रेंज मात्र फक्त भारतीच्या ओट्यावर. म्हणून रेशन असो, गॅस असो, लस असो, फॉर्मवर प्रत्येकाने नंबर दिला तो भारतीचाच. ओटीपी आला की ती ओट्यावरून हाक मारायची, "सहादेव तात्या, तुमचा गॅस आला!" कुणाचा सिलिंडर दोन महिने पुरतो आणि कोण विसाव्या दिवशीच "पाव्हणे लई हुते" म्हणत येतो, मला पाठ आहे. रंभाजी शपथेवर सांगतात की त्यांनी लस घेतलीच नाही. दोन्ही डोसांचे मेसेज माझ्या पोटात आहेत.

कौतुक झालं, नाही असं नाही. आळीतल्या म्हाताऱ्या आक्काबाई मला पदराने पुसायच्या. पण मेमरी भरली, मी अडखळू लागलो आणि भारतीचा नवरा योगेश कुरकुरू लागला, "उडव ते मेसेज. न्हाईतर फेक ते डबडं."

"लोकांचे हायेत," भारती म्हणायची. "इचारल्याबिगर कसे उडवू?"

मग या उन्हाळ्यात ग्रामसेवक मच्छिंद्र भाऊसाहेबांनी चावडीवर सांगितलं, की एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशात लोक घरबसल्या मत देतात, देशोदेशी सरकारचा कारभार मोबाईलवर येतोय, मग आपणच मागे का? पाण्याची नवी टाकी माळावर बांधायची की विहाराजवळ, यावर मोबाईलवरून मत द्या, रविवारी सहापर्यंत. विहाराजवळ झाली तर आमच्या आळीत नळ. माळावर झाली तर आमच्या बायकांचे हंडे आहेत तिथेच, डोक्यावर.

एस्टोनियाचं नाव ऐकून माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

रविवारी दिवसभर लाईट नव्हती. पाच वाजता भारतीने आपलं मत दिलं आणि आक्काबाईंचं द्यायला घेतलं. मला दाखवावं लागलं: 'या क्रमांकावरून मत नोंदवले आहे. धन्यवाद.' सहादेव तात्यांचं, तेच. रंभाजींचं, तेच. चौदा घरं आणि मत एक! माझ्यात उरले होते अकरा टक्के.

अख्खी आळी पंचायतीत गेली.

"एक नंबर, एक मत," भाऊसाहेब म्हणाले. "मी काय करू? कम्प्युटर घेत नाही."

"गॅसला घेत हुता की," भारतीने मला त्यांच्यासमोर धरलं. "वाचा. येका नंबरावर चौदा घरं सरकारला आजवर चालली. आता आमाला इचारायच्या टायमालाच आमी येक झालो व्हय?"

भाऊसाहेबांनी वाकून दोन-तीन मेसेज वाचले. मग या नंबरावरची घरं नोंदवायला त्यांनी रजिस्टर ओढलं. भारती मेसेज सरकवत नावं वाचू लागली, ते लिहू लागले. सात टक्के. रंभाजींच्या दोन्ही लसी बाहेर पडल्या तेव्हा आळी खो-खो हसली. मला हसवेना. तीन टक्के. आक्काबाईंचा मेसेज सगळ्यात जुना, सगळ्यात खाली. भारतीचं बोट घाई करत होतं आणि मी जीव धरून होतो. तेरावं नाव झालं. मी विझलो.

पुढचं मला चार्जिंगला लागल्यावर भारतीच्या तोंडून कळलं.

"पुढचं नाव?" भाऊसाहेबांनी विचारलं. काच काळी. आक्काबाईंनी मला अलगद बाजूला सारलं आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"लिव्हा. आक्काबाई. मेसेज कशाला पायजे? मी हिथं उभी हाय न्हवं?"

भाऊसाहेबांनी लिहिलं. मोबाईलवरचं मतदान थांबवलं. बुधवारी ग्रामसभा, हात वर करून मोजणी.

मित्रांनो, बुधवार अजून यायचा आहे. माळाकडची घरं आमच्याहून जास्त, त्यामुळे धाकधूक आहेच. भारती रोज थोडे मेसेज वहीत उतरवते. पहिलं नाव तिने आक्काबाईंचं लिहिलं. तुम्ही मला जपा, वेळेवर चार्ज करा, हे तर मी सांगणारच. पण कुठे एकच नंबर दिसला, तर मोजणी संपवण्याआधी एकदा दाराबाहेर बघा. कुणीतरी उभं असेल.